एका वाक्यातले सात ‘अँड’

भारतीय संविधानाची उद्देशिका इंग्रजीत एकच वाक्य आहे. २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारले गेले तेव्हा त्या वाक्यात, सालाचा आकडा एक शब्द धरला तर, ८१ शब्द होते. त्यांत सात वेळा ‘अँड’ आणि सात वेळा ‘ऑफ’ येतो. शिवाय प्रेपोझिशन म्हणून आलेले दोन ‘टू’, एक ‘इन्टू’, एक ‘अमंग’ आणि एक ‘इन’. म्हणजे जवळजवळ पाव वाक्य अशा शब्दांचे आहे, ज्यांचा अर्थ विचारला तर शब्दकोशही आधी घसा खाकरतो. न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता हे शब्द ठळक मोठ्या अक्षरांत छापतात. भाषणे त्यांच्यावर होतात, शाळांच्या भिंतीही त्यांनीच रंगतात. मला हे वाक्य आवडते ते त्यांच्या आजूबाजूच्या बारीक अक्षरांतल्या शब्दांसाठी. मोठे शब्द अनेक देशांच्या घटनांत सापडतात, पण ते एकमेकांशी आणि आपल्याशी कसे जोडले आहेत ते या बारीक शब्दांनी ठरते.

आपल्याकडे इंग्रजीची प्रेपोझिशने शिकवतात ती मांजराच्या तक्त्यावर. मांजर टेबलावर, टेबलाखाली, खोक्यात, खोक्यामागे. तक्ता चुकीचा नाही, पण त्यातून मुलांना एवढेच कळते की हे शब्द वस्तूंची जागा दाखवतात. कोणी कोणाला काय द्यायचे, काय कोणाच्या हक्काचे, काय कोणाकोणात असायचे, हे सांगायलाही इंग्रजीजवळ तेच मूठभर शब्द आहेत, हे मात्र तक्त्याबाहेरच राहते. आठवी-नववीच्या मुलांना उद्देशिका तोंडपाठ असते. तिचे इंग्रजी वाक्य फळ्यावर लिहून तास घेतला तर मांजराला सुट्टी देता येईल.

आधी वाक्याचा सांगाडा पाहू. कर्ता पहिल्या पाच शब्दांत येऊन बसतो: आम्ही, भारताचे लोक. मुख्य क्रियापद सुरू होते ते थेट बहात्तराव्या शब्दावर. मराठी कानाला याचे काही वाटत नाही, आपण क्रियापदासाठी वाक्याच्या टोकापर्यंत थांबत आलेलोच आहोत. इंग्रजी वाचकाला मात्र कर्त्यामागोमाग क्रियापद लागते. सहासष्ट शब्द त्याला थोपवून धरायचे, तर मध्ये कुठेतरी हाताला धरायला काही हवे. ते काम तीन ‘टू’ करतात. हे ‘टू’ प्रेपोझिशन नव्हेत, क्रियापदाच्या मूळ रूपाआधी लागणारे आहेत. आम्ही निर्धार केला आहे: घडविण्याचा, आणि मिळवून देण्याचा, आणि वाढविण्याचा. दुसरा आणि तिसरा ‘टू’ गाळला तरी व्याकरण बिघडत नाही, इंग्रजीत पहिल्या ‘टू’वर पुढची क्रियापदे चालतात. पण इथे दुसऱ्या क्रियापदानंतर न्याय, स्वातंत्र्य, समानता अशी लांब यादी येते. ती संपून वाचक तिसऱ्या क्रियापदाशी पोचतो तेव्हा ‘अँड टू’ ऐकू आला नाही, तर तो त्या क्रियापदालाही यादीतलेच एक कलम समजून बसेल. लांब वाक्यात जोडशब्दाची पुनरुक्ती करावी की नाही याची चर्चा व्याकरणाच्या पुस्तकांत पानेच्या पाने चालते. इथे दोन अक्षरी शब्द दोनदा परत लिहून प्रश्न मिटवला आहे.

शिस्तीचा शिक्षक यावर बोट ठेवील. तीन गोष्टींच्या यादीत ‘अँड’ एकदाच, शेवटच्या गोष्टीआधी येतो, दोनदा कशाला? आक्षेप शाळेपुरता बरोबर आहे. पण पहिल्यानंतर नुसता स्वल्पविराम दिला असता तर गणराज्य घडविणे ही एक पायरी आणि बाकीची कामे मागाहून, असे वाटले असते. ‘अँड’ ने घडविणे आणि मिळवून देणे एका श्वासात आणले. गणराज्य कशासाठी, हे गणराज्य या शब्दानंतरच्या पहिल्याच शब्दात सुरू होते.

आता त्या तीन मूल्यांकडे. तिन्ही एकाच यादीत आहेत, पण त्यांचे व्याकरण एकसारखे नाही. न्यायाला प्रेपोझिशन नाहीच. नाम आधी आणि मागून तीन विशेषणे: सामाजिक, आर्थिक आणि राजकीय. स्वातंत्र्याला एक ‘ऑफ’ आहे आणि त्या एका ‘ऑफ’वर विचारापासून उपासनेपर्यंत पाच नामे चालतात. समानतेला मात्र दोन ‘ऑफ’: दर्जाची आणि पुन्हा वेगळ्या ‘ऑफ’ने संधीची. पाच गोष्टींना एक पुरतो आणि दोन गोष्टींना दोन लागतात, हे हिशेबात बसत नाही.

हा दुसरा ‘ऑफ’ कुठून आला याचा माग काढता येतो. १३ डिसेंबर १९४६ ला जवाहरलाल नेहरूंनी संविधानसभेत उद्दिष्टांचा ठराव मांडला, २२ जानेवारी १९४७ ला तो मंजूर झाला. त्या ठरावात समानतेला तीन शेपट्या होत्या: दर्जाची, संधीची आणि कायद्यासमोरची. इंग्रजीत पहिल्या दोन ‘ऑफ’ ने जोडलेल्या आणि तिसरी ‘बिफोर’ ने. तिसऱ्या पदाचे प्रेपोझिशन निराळे असले की आधीच्या दोन्हींना आपापले द्यावेच लागते. ते वगळले तर वाक्य लंगडते, आणि मराठी माध्यमातून आलेल्यांच्या इंग्रजीत नेमकी हीच चूक पुष्कळदा दिसते. पुढे उद्देशिकेतून ‘बिफोर’ वाले पद गेले, दोन ‘ऑफ’ राहिले. व्याकरणाची गरज संपली होती, तरी दुसरा ‘ऑफ’ राहिला हे बरेच झाले. एकच ‘ऑफ’ असता तर दर्जा आणि संधी ही जोडगोळी होऊन एक गोष्ट वाटली असती. दोन असल्यामुळे दर्जाच्या समानतेचा दावा वेगळा करता येतो आणि संधीच्या समानतेचा वेगळा. नोकरीची दारे उघडली म्हणून पाणवठ्यावरची वागणूक सुधारते असे नाही, हे महाराष्ट्राला कोणी समजावून सांगायला नको.

ठरावातून आणखीही एक गोष्ट गळाली. तिथे स्वातंत्र्याच्या यादीत व्यवसाय, संघटना आणि कृतीही होती, आणि यादीच्या शेवटी ‘सब्जेक्ट टू’ ने जोडलेली अट होती, की हे सारे कायदा आणि सार्वजनिक नीतिमत्ता यांच्या अधीन. उद्देशिकेत यादी आखूड झाली आणि अट पूर्ण गेली. निर्बंध नाहीसे झाले असे नव्हे, ते एकोणिसाव्या अनुच्छेदाच्या पुढच्या खंडांत व्यवस्थित मांडलेले आहेत. पण निर्धाराच्या वाक्यात ते नाहीत. ज्याने कोणी ती दोन शब्दांची गाठ इथून सोडली, त्याला वाक्याचा सूर कळत होता.

न्याय, स्वातंत्र्य, समानता यांच्या मध्ये ‘अँड’ नाही, हे बहुतेकांच्या नजरेतून सुटते. प्रत्येकाच्या पोटातल्या यादीत तो आहे, सामाजिक, आर्थिक ‘अँड’ राजकीय. पण तीन मूल्यांच्या मधोमध फक्त अर्धविराम आहेत. समानतेनंतर ‘अँड’ येतो, पण तो तिसऱ्या क्रियापदाला जोडणारा आहे, मूल्याला मूल्य जोडणारा नाही. यादीच्या शेवटच्या कलमाआधी ‘अँड’ घातला की यादी पुरी झाल्याचा निरोप मिळतो. इथे तो निरोप दिलेला नाही, कारण अजून बंधुता यायची आहे आणि ती वेगळ्या वाटेने येणार आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी बजावले होते की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही सुटी सुटी तत्त्वे मानू नका, एकाला दुसऱ्यापासून तोडले तर लोकशाहीचा हेतूच हरतो. व्याकरणाने पाहिले तर हे वाक्य पहिल्या तिघांना उघडे ठेवून चौथीची वाट पाहते.

(जाता जाता: यादीतल्या शेवटच्या ‘अँड’आधी स्वल्पविराम नाही, ते ब्रिटिश वळण. अमेरिकेत मेन राज्यातल्या एका कायद्याच्या यादीत ‘ऑर’आधी असा स्वल्पविराम नव्हता म्हणून दूधगाड्यांच्या चालकांनी जादा कामाच्या पैशांसाठी दावा लावला. २०१७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि पुढे तडजोडीत कंपनीला ५० लाख डॉलर मोजावे लागले. आपल्या वाक्यात तसा घोळ होण्याची जागा नाही.)

या वाक्याचे खरे रसस्थळ यापुढे आहे. न्याय, स्वातंत्र्य, समानता नागरिकांना मिळवून द्यायची, तिथे प्रेपोझिशन आहे ‘टू’. ‘सिक्युअर’ या क्रियापदाला ‘फॉर’ ही लागतो, आणि रोजच्या इंग्रजीत तोच जास्त ऐकू येतो. एखाद्यासाठी तिकीट मिळवले, जागा धरली, की ‘फॉर’. त्यात धडपड आहे, थोडे उपकारही आहेत. ‘टू’ लावला की ती वस्तू त्या माणसाच्या हाती कायद्याने पक्की होते. अमेरिकेच्या १७८७ च्या संविधानाच्या प्रारंभीही स्वातंत्र्याच्या वरदानांबाबत हाच ‘टू’ आहे, आणि आपल्या उद्दिष्टांच्या ठरावातही होता. राज्यसंस्था एका बाजूला, नागरिक दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या ‘टू’वरून हक्क तिकडून इकडे येतात.

बंधुतेपाशी हा ‘टू’ थांबतो. क्रियापद बदलते, पक्के करून देणे जाऊन वाढविणे येते, आणि प्रेपोझिशन होते ‘अमंग’. त्या सर्वांमध्ये. बंधुता कोणाला देता येत नाही, हे इथे कोणी विधान करून सांगत नाही. फक्त ‘टू’ वापरायचे नाकारले आहे. सरकार न्याय देऊ शकते, निदान देण्यास बांधील असू शकते. शेजाऱ्याबद्दलचा आपलेपणा तालुका कचेरीतून मिळत नाही. तो माणसामाणसांत उगवला तर उगवतो, आणि राज्याने करायचे ते एवढेच की त्याला खतपाणी घालावे. पहिल्या तीन मूल्यांचे देणे उभे आहे, वरून खाली. चौथ्याचे आडवे आहे, माणसाकडून माणसाकडे. ही दिशा बदलायला एक प्रेपोझिशन पुरले.

शाळेत नियम शिकवतात की दोघांत असेल तर ‘बिट्वीन’ आणि दोहोंपेक्षा जास्त असतील तर ‘अमंग’. नियम ढोबळ आहे. तीन देशांत करार झाला तर चांगले इंग्रजी तिथे ‘बिट्वीन’च म्हणते, कारण प्रत्येक देश स्वतंत्रपणे दुसऱ्याशी बांधला जातो. ‘अमंग’ येतो तो घोळक्यासाठी, जिथे कोणाची कोणाशी जोडी लावायची नाही. आपल्या देशात बंधुतेचा विषय निघाला की आपण लगेच जोड्या लावतो: हिंदू आणि मुसलमान, सवर्ण आणि दलित. ‘बिट्वीन’ असता तर त्या जोड्याच वाक्यात शिरल्या असत्या. ‘अमंग’ जोड्या मोडतो, आणि त्यापुढचा ‘ऑल’ उरलासुरला कोपराही भरून टाकतो. ‘देम’ एकट्यानेही व्याकरण पुरे झाले असते, हेही लक्षात घ्यावे.

उद्दिष्टांच्या ठरावात बंधुता नव्हती. मसुदा समितीने ती घातली, आणि २१ फेब्रुवारी १९४८ ला मसुदा सादर करताना अध्यक्ष म्हणून डॉ. आंबेडकरांनी पत्रात तसे स्पष्ट कळवले: बंधुभावाची आणि सदिच्छेची गरज आजच्याइतकी कधीच नव्हती. फाळणीचे सहा महिने आणि गांधीहत्येचे तीन आठवडे उलटले होते. मागाहून आलेल्या मूल्यासाठी वेगळे क्रियापद, वेगळे प्रेपोझिशन असा थाट केलेला दिसतो. सोपे होते ते जुन्या यादीत अर्धविराम देऊन चौथे नाम चिकटवणे. कित्येक समित्या तसेच करतात.

बंधुता या नामाला मागून ‘अशुअरिंग’ लागते, आश्वासन देणारी. आधी स्वल्पविराम नाही, ही खूण महत्त्वाची. तो असता तर आश्वासन देणारे आम्ही लोक असाही अर्थ लागला असता. तो नाही, म्हणून आश्वासन खुद्द बंधुताच देते. कशाचे, तर व्यक्तीची प्रतिष्ठा ‘अँड’ राष्ट्राची एकता. १९४९ च्या पाठात या दोन बाजू इंग्रजीत अगदी तोलून बसलेल्या होत्या: आर्टिकल, नाम, ‘ऑफ’, आर्टिकल, नाम, आणि ‘अँड’च्या पलीकडे पुन्हा तेच. व्यक्ती आणि राष्ट्र यांना सारखीच जागा, व्यक्ती आधी.

आणीबाणीतल्या १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने गणराज्याच्या विशेषणांत दोन शब्द घातले, त्यांच्या राजकारणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच दुरुस्तीने एकतेला ‘अँड’ लावून एकात्मता जोडली, ती तेवढी चर्चिली जात नाही. वाक्य ८५ शब्दांचे आणि आठ ‘अँड’चे झाले. माझ्या कानाला ती भर जड वाटते, उजवे पारडे खाली गेले. आणि दोन ‘अँड’ लागोपाठ आले, एक प्रतिष्ठा आणि एकता यांच्यात, दुसरा एकता आणि एकात्मता यांच्यात. तिघांची सरळ यादी आहे की एकास दोन अशी जोडी? निवाडा ‘द’ करतो. प्रतिष्ठेला स्वतःचा ‘द’ आहे, एकतेला आहे, एकात्मतेला नाही. म्हणून शेवटच्या दोघी एकाच ‘द’च्या आणि एकाच ‘ऑफ’च्या आधाराने एका गटात राहतात.

मराठी पाठात ‘द’ नाही. तिथे अनुवादकांनी आपल्या भाषेतली सोय वापरली: प्रतिष्ठा आणि एकता यांच्यात ‘व’, एकता आणि एकात्मता यांच्यात ‘आणि’. दोन पातळ्यांना दोन निराळी उभयान्वयी. इंग्रजीला एका ‘अँड’वर भागवावे लागले. समानतेच्या दोन ‘ऑफ’साठी मराठीत दोनदा ‘ची’ आहे, स्वातंत्र्याच्या पाच नामांना मिळून एकच ‘यांचे’. ‘टू’ साठी ‘नागरिकांस’, ‘अमंग’ साठी ‘सर्वांमध्ये’. सरकारी मराठीला नावे ठेवायची आपल्याला सवय आहे, आणि पुष्कळदा ती रास्तही असते. पण हे काम करणाऱ्यांनी बारीक शब्दांवरून बोट फिरवून पाहिले होते.

‘इन’ वर थोडे थांबायला हवे. संविधानसभेचे सल्लागार बेनेगल नरसिंग राव यांच्या १९४७ च्या पहिल्या मसुद्यात लोक आपल्या निवडलेल्या प्रतिनिधींच्या ‘थ्रू’, म्हणजे त्यांच्या मार्फत, संविधान करत होते. वस्तुस्थितीला ते अधिक धरून होते, सभेचे बहुतेक सदस्य प्रांतिक विधानसभांच्या सदस्यांनी निवडून दिलेले होते आणि सर्वांना मताधिकार तेव्हा नव्हता. अंतिम पाठात मार्फत गेले आणि ‘आमच्या संविधानसभेत’ आले. लोक स्वतःच सभागृहात बसलेले आहेत. हा दावा मोठा आहे, आणि तपासणाऱ्याला तो अवास्तवही वाटेल. वाक्यातल्या ‘आम्ही’ला मात्र हेच प्रेपोझिशन शोभते.

त्यालाच लागून तारीख येते, आणि तिच्याआधी ‘ऑन’ नाही. इंग्रजीत तारखेला ‘ऑन’ लागतो हे घोकलेल्या मुलाला इथे चूक सापडल्याचा आनंद होतो. पण ‘धिस’, ‘लास्ट’, ‘नेक्स्ट’, ‘एव्हरी’ यांपैकी काही आले की ‘ऑन’ गळतो. ‘ऑन धिस मंडे’ म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. वाक्यात न आलेले प्रेपोझिशन आणखी एक आहे. १७ ऑक्टोबर १९४९ ला उद्देशिका चर्चेला आली तेव्हा सभेचे सदस्य हरी विष्णू कामत यांनी वाक्याच्या सुरुवातीलाच एक प्रेपोझिशनचा तुकडा जोडायची सूचना केली होती: देवाच्या नावाने. ती मतास टाकली गेली आणि ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. मंजूर झाली असती तर ‘आम्ही’ वाक्याच्या पहिल्या जागेवर राहिले नसते.

शेवटची तीन क्रियापदे, अंगीकारणे, अधिनियमित करणे आणि स्वतःला देणे, आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानावरून आलेली आहेत. तिसऱ्यापुढचा ‘टू’ पाहण्यासारखा आहे. मराठीतला ‘ला’ आपल्याला इंग्रजीत छळतो. ‘त्याला विचारले’, ‘तिला सांगितले’ म्हणून ‘आस्क्ड टू हिम’, ‘टोल्ड टू हर’ ही वाक्ये तयार होतात. ‘गिव्ह’ला, व्यक्ती लगेच मागे आली तर, ‘टू’ लागत नाही, वस्तू आधी आणि व्यक्ती नंतर आली तर लागतो. उद्देशिकेत व्यक्ती लगेच आली आहे, तरी ‘टू’ आहे. चूक नाही. तिन्ही क्रियापदांचे कर्म एकच, ‘हे संविधान’, आणि ते टोकाला ठेवायचे आहे. ‘टू’ नसता तर ‘ऑवरसेल्व्हज’ पहिल्या दोन क्रियापदांचेही कर्म असल्यासारखे क्षणभर वाटले असते, आम्ही आम्हालाच अंगीकारतो! ‘टू’ ने तो शब्द फक्त देण्याशी बांधला आणि कर्माला शेवटची जागा मोकळी ठेवली. अमेरिकेच्या वाक्यात संविधान संयुक्त संस्थानां‘फॉर’ केलेले आहे, देशासाठी. आपले वाक्य देश म्हणत नाही, स्वतः म्हणते. मराठीत त्याला ‘स्वतःप्रत’ शब्द योजला आहे, जुन्या वळणाचा, आणि प्रार्थनेच्या ओळीत मुले नेमकी त्यावर अडखळतात.

आठही ‘अँड’ मोजून झाल्यावर काय नाही तेही दिसते. सबंध वाक्यात ‘ऑर’ नाही, ‘बट’ नाही, ‘इफ’ नाही, ‘अनलेस’ नाही. पुढच्या अनुच्छेदांत ते सारे भरपूर आहेत, असायलाच हवेत, कायदा त्यांच्यावाचून चालत नाही. ठरावातून गळालेला ‘बिफोर’ चौदाव्या अनुच्छेदात परत भेटतो: राज्य कोणाही व्यक्तीस कायद्यासमोरची समानता ‘ऑर’ कायद्याचे समान संरक्षण नाकारणार नाही. विद्यार्थी विचारतात, दोन्ही द्यायचे तर ‘अँड’ का नाही? कारण क्रियापद नकाराचे आहे. इंग्रजीत नकारानंतर ‘ऑर’ आला की दोन्हींपैकी एकही नाकारता येत नाही. तिथे ‘अँड’ घातला असता तर एखादा वकील उभा राहून म्हणू शकला असता की दोन्ही एकदम नाकारायची तेवढी मनाई आहे, एक नाकारायला हरकत नाही.